बेरीज करणारा पक्ष

1957 च्या विधानसभा निवडणुकीत, मराठी भाषकांच्या राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम तरले. पाचच वर्षांनी, 1962 मध्ये, त्याच काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या.

1 मे 1960 ला राज्य मिळाल्याने समितीला एकत्र ठेवणारा प्रश्नच संपला, हे खरे. पण विरोधात गेलेला मतदार आपोआप परतत नसतो. यशवंतरावांनी त्यासाठी जे केले, त्याला ‘बेरजेचे राजकारण’ असे नाव पडले. काल विरोधात मत देणाऱ्याला जाब विचारायचा नाही, त्याला पक्षात जागा करून द्यायची. शेतकरी कामगार पक्षातले यशवंतराव मोहिते काँग्रेसमध्ये आले आणि पुढे मंत्रीही झाले. अशा नेत्याबरोबर त्याच्या भागातला शेतकरी मतदारही येई. सहकारी साखर कारखाने होतेच. 1962 पासून जिल्हा परिषदाही आल्या. नव्यांना बसवायला खुर्च्या होत्या, ही बाब तत्त्वाइतकीच महत्त्वाची!

हीच बेरीज दलितांपर्यंतही गेली. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या दलितांना राज्य पातळीवरच्या सवलती देण्याचा निर्णय याच काळातला. पुढे 1967 मध्ये दलित नेते दादासाहेब गायकवाडांच्या रिपब्लिकन पक्षाशी काँग्रेसने समझोता केला. त्यातून काँग्रेसला मते मिळाली. रिपब्लिकन पक्षातली फूट मात्र वाढत गेली.

या बेरजेत विरोधी बाकांची वजाबाकी होत होती. शेतकरी आणि कारखानदार, डावे आणि उजवे एकाच छताखाली आल्यावर भांडणेही घरातच होऊ लागली, आणि उमेदवारीची चुरस कित्येकदा प्रत्यक्ष निवडणुकीपेक्षा तिखट असे.