ताटातले झोंबी

भाचीला दिवाळी अंकासाठी झोंबींची गोष्ट लिहायची होती. साथ दहा वर्षं चालते म्हणे. मी विचारलं, "दहा वर्षं रोग तसाच राहील होय?" मग आम्ही फासा आणि परात घेऊन बसलो.

काबुली चणे १००, ही माणसं. राजमे ८, हे सिनेमातले झोंबी. जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून हे मढं माणसाला फाडून खातंय. पण अख्खा माणूस खाल्ला, तर नवा झोंबी उठणार कशातून? म्हणून राजम्याला ६ पडला तरच चण्याचा राजमा, नाहीतर चणा फस्त. शिवाय हिरवे वाटाणे २, हा चावून सोडून देणारा प्रकार. त्याला ३ किंवा जास्त पडले की चण्याचा वाटाणा, नाहीतर चणा निसटला. फेरीअखेर दोघांनाही १ किंवा २ पडला की कुजून बाद.

पहिल्या डावात दोन्ही वाटाणे लगेच कुजले. नवं रूप कितीही हुशार असो, सुरुवातीला नशीब लागतंच. दुसऱ्या डावात चौथ्या फेरीला बरोबरी झाली. सातवीनंतर वाटाणे १४, राजमे २.

भाची म्हणाली, "म्हणजे रोग मवाळ होतो."

तसं सरसकट नाही. ऑस्ट्रेलियात १९५० साली सशांवर मिक्सोमा विषाणू सोडला, तेव्हा शंभरातले नव्याण्णवांहून जास्त मरत. ससा चटकन मेला की डासांना विषाणू पुढं न्यायला वेळच मिळेना. काही वर्षांत कमी मारक वाण वरचढ ठरले. ससेही चिवट झाले. रेबीज मात्र आजही लक्षणं दिसल्यावर जवळपास कुणाला सोडत नाही. मरण्याआधी कुत्रा चावतो, लाळेतून विषाणूचं काम झालेलं असतं. झोंबी तर मेल्यावरही चावतो. त्याचा रोग जिवावर उदार व्हायला मोकळाच. त्याला सांभाळायचे ते पाय, जबडा आणि भक्ष्याचा जीव.

"आणि रेबीजची लक्षणं दिसायला बहुतेकदा आठवडे, महिने लागतात," मी म्हटलं.

भाचीनं पेन उचललं. पहिल्या पानावरचं रक्तानं माखलेलं स्टेशन खोडलं. आता शेजारच्या काकू जिना चढून येतात, मनगटावर पदर ओढून घेतात आणि विरजण मागतात.

"मामा, चणे दे," ताई आतून ओरडली, "भिजत घालायचेत."