कमरेची न भरणारी जखम



ऊसतोडीच्या दिवसांत पाचटानं हात कापतो, कोयता पायाला लागतो. अशी जखम आठ-पंधरा दिवसांत भरून येते. पण कमरेवर, अगदी नाड्याच्या जागी झालेली जखम महिना उलटला तरी भरत नसेल तर काय? ते घरोघरी कळावे म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

कातडीचा कॅन्सर आपल्या देशात कमीच. त्यातून कमरेवरचा तर क्वचित. पण तो आपल्या नेसण्याच्या रीतीशी जोडलेला आहे. मुंबईचे डॉ. खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. नागपूरच्या शेजारी वर्धा येथील आणि बिहारच्या मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ साली अशा दोन वयस्क बायांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीला परकराचा नाडा घट्ट बांधायची सवय. दुसरी परकराशिवाय लुगडं आवळून नेसायची. दोघींची जखम दीड-दोन वर्षं भरत नव्हती. एकीच्या बाबतीत रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता.

हे होतं कसं? नाडा वर्षानुवर्षं एकाच जागी काचतो. त्यात घाम, धूळ आणि उन्हाळा. कातडी आधी काळवंडते, खरखरीत होते, मग चिरते. रोज नाडा पुन्हा तिथंच बसतो, म्हणून जखम भरत नाही. अशा जुनाट जखमेत पुढं कॅन्सर होऊ शकतो.

नुसतं पाहून निदान पक्कं होत नाही. जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासतात, जांघेतल्या गाठीही चाचपतात. कॅन्सर निघाला तर भोवतालची थोडी चांगली कातडी धरून तो भाग कापून काढतात आणि गरज पडल्यास दुसरीकडची कातडी लावतात. लवकर आलेल्या रोग्याचं काम बहुधा एवढ्यावर भागतं. गाठीत पसरल्यावर मात्र इलाज मोठा होतो.

आपल्या आयाबाया कमरेचं दुखणं लाजेनं सांगत नाहीत, हीच खरी अडचण आहे. तेव्हा घरात विचारा. नाडा रुंद पट्टीचा घ्या, सैल बांधा, जागा बदलत राहा. धोतर, करदोडा वापरणाऱ्या पुरुषांनीही हेच करावं. हळद, मलम लावण्यात महिने घालवू नका. नागपूरला मेडिकलमध्ये किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात दाखवा. पिकावरची कीड आपण वेळीच ओळखतो, मग अंगावरच्या जखमेकडे डोळेझाक कशाला?