छिन्नमानसातील रक्तकोशिकांचे क्रोमॅटिन

छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) या मनोविकृतीच्या रुग्णांच्या श्वेत कोशिकांतील क्रोमॅटिनाची घडण निरोगी व्यक्तींहून काहीशी वेगळी असते, असे काही अभ्यासांत आढळले आहे. हे वेगळेपण विकृतीचे जैव दर्शक, म्हणजे प्रयोगशाळेत मोजता येणारी खूण, ठरू शकेल काय हा प्रश्न सु. ५० वर्षे अभ्यासला जात आहे. निदानास उपयोगी पडेल अशी कसोटी मात्र त्यातून अद्याप निघालेली नाही.

क्रोमॅटिन हे कोशिकेच्या केंद्रकातील द्रव्य डीएनए व हिस्टोन ही प्रथिने यांचे बनलेले असते. आठ हिस्टोन रेणूंच्या गाठोड्याभोवती डीएनएचा धागा वेढे घेतो आणि अशा मण्यांची माळ कमीअधिक घट्ट गुंडाळली जाते. सैल भागातील जीन कार्य करू शकतात. घट्ट भागातील बहुधा निष्क्रिय राहतात. या घट्ट भागास एमील हाइट्स यांनी १९२८ मध्ये हेटरोक्रोमॅटिन हे नाव दिले. हिस्टोनांना अ‍ॅसिटिल गट जोडले गेल्यास घडी सैल होते. विशिष्ट जागी मेथिल गट जोडले गेल्यास ती आवळते.

जिवंत रुग्णाच्या मेंदूतील ऊतक तपासणीसाठी काढता येत नाही, रक्त मात्र सहज मिळते. म्हणून संशोधक रक्ताकडे वळले. १९७५ मध्ये अथेन्स येथील मारिएटा इसिडोरिडेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या न्यूट्रोफिल कोशिकांत क्रोमॅटिनाची सूक्ष्मरचना बदललेली असल्याचे प्रसिद्ध केले. २०१३ मध्ये शिकागो येथील संशोधकांना घट्ट क्रोमॅटिनाशी निगडित अशी हिस्टोनावरील एक मेथिल खूण रुग्णांच्या लसीका कोशिकांत, तसेच मृत रुग्णांच्या मेंदूच्या ऊतकात, अधिक प्रमाणात आढळली. हिस्टोनास मेथिल गट जोडणारे एंझाइम बनविणाऱ्या एसईटीडी१ए या जीनातील विरळ बिघाडांचा या विकृतीशी असलेला संबंधही २०१६ मध्ये दाखविण्यात आला. त्यामुळे ही कल्पना निराधार म्हणता येत नाही.

अडचण वेगळीच आहे. शरीरातील बहुतेक कोशिकांत डीएनए एकच असले, तरी क्रोमॅटिनाची घडी प्रत्येक प्रकारच्या कोशिकेत निराळी असते. न्यूट्रोफिल काही दिवसांत नष्ट होतो, तंत्रिका कोशिका आयुष्यभर टिकते. रक्तातील बदलावरून मेंदूतील बदल ओळखणे म्हणूनच धोक्याचे ठरते. शिवाय धूम्रपान, संसर्ग, वय व औषधे यांचाही परिणाम होतो. काही रुग्णांना दिले जाणारे व्हॅल्प्रोइक अम्ल तर अ‍ॅसिटिल गट काढून टाकणाऱ्या एंझाइमांनाच रोधते. अशा वेळी मोजले जाते ते रोगाचे चिन्ह की उपचाराचे, हे सांगणे कठीण असते. गटांच्या सरासरीत फरक दिसला, तरी व्यक्तींची मूल्ये एकमेकांत मिसळलेली असतात.

विदर्भात दात्रकोशिका रोगाची (सिकलसेल) रक्ततपासणी परिचयाची आहे. त्या रोगात दोष तांबड्या कोशिकांतील हीमोग्लोबिनातच असल्याने रक्ताचा थेंब निदानास पुरतो. छिन्नमानसासाठी तशी तपासणी उपलब्ध नाही. वाशिम जिल्ह्यातील (१९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचा भाग) रुग्ण असो वा महानगरातील, निदान भ्रम, निर्वस्तुभ्रम, विस्कळित विचार यांची प्रत्यक्ष मुलाखत आणि कुटुंबीयांनी सांगितलेला इतिहास यांवरूनच केले जाते. विदर्भासाठीचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूर येथे आहे. रक्ततपासणी सांगितली जाते ती अन्य शारीरिक कारणे वगळण्यासाठी किंवा औषधाच्या सुरक्षिततेसाठी. क्लोझापीन घेणाऱ्या रुग्णाच्या श्वेत कोशिका, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, वारंवार मोजाव्या लागतात. कारण क्वचित त्या औषधाने न्यूट्रोफिलांची संख्या घातक प्रमाणात घटते.