नट बसले म्हणजे चाक बसले?

मोटारीच्या चाकावरील नटांच्या भोकांची मांडणी दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा भोकांची संख्या. दुसरा पीसीडी, म्हणजे त्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास. ४ × १०० म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार भोके. हे दोन आकडे जुळले, नट आवळले गेले, की एका गाडीचे चाक दुसरीला चालते असे टायरच्या दुकानांत आणि गॅरेजांत सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागात धावत्या गाडीचे चाक सुटण्याचा धोका आहे.

आधी मोजमाप. चार किंवा सहा भोके असतील तर समोरासमोरच्या भोकांचे केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर हाच पीसीडी. केंद्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजावे. उत्तर तेच येते. पाच भोकांच्या चाकात मात्र समोरासमोर भोकच नसते. तरीही एक भोक सोडून त्यापुढच्या भोकापर्यंत टेप लावून आलेला आकडा पीसीडी म्हणून सांगितला जातो. भूमितीप्रमाणे हे अंतर व्यासाच्या ०.९५१ पट असते. त्यामुळे ५ × १२० चे चाक ११४.१ भरते आणि ५ × ११४.३ समजून विकले जाते. खऱ्या ११४.३ चे माप १०८.७ येते आणि ते १०८ वाटते. शेवरले क्रूझचे १०५ चे चाक ९९.९ भरते आणि फोक्सवॅगन पोलोच्या १०० सारखे दिसते. चुकीचे प्रत्येक उत्तर बाजारात खरोखर मिळणाऱ्या मापाजवळ येऊन थांबते, म्हणून शंकाच येत नाही. योग्य रीत अशी: शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधील अंतर वर्निअर कॅलिपरने मोजावे आणि १.७०१ ने गुणावे. ६७.२ मिमी भरले तर पीसीडी ११४.३. टेपने मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर गुणाकारात ती १.७ मिमी होते.

आता मूळ गैरसमज. चाक स्टडवर, म्हणजे हबमधून (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागातून) बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर, टांगलेले नसते. नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणाने चाक हबच्या सपाट पृष्ठभागावर दाबले जाते आणि या दाबातून निर्माण होणारे घर्षण चाकाला जागेवर धरते. जुन्या फियाट गाड्यांचे ४ × ९८ चे चाक ४ × १०० च्या हबवर चढवले तर प्रत्येक स्टड भोकाच्या केंद्रापासून एक मिलिमीटर बाजूला पडतो. भोकात तेवढी मोकळीक असते, त्यामुळे चारही नट चढतात आणि पाना लावल्यावर घट्टही वाटतात. प्रत्यक्षात नटाचे तोंड एकाच बाजूने टेकलेले असते, स्टड वाकलेला असतो आणि दाब अपुरा असतो. ताशी ६० किमी वेगाने छोट्या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात तो स्टड वाकतो आणि सरळ होतो. अशा स्थितीत नट सैल होणे किंवा स्टड तुटणे हा केवळ वेळेचा प्रश्न असतो.

पीसीडी तंतोतंत जुळल्यावरही अडचण संपत नाही. मारुती स्विफ्ट आणि होंडा सिटी या दोन्ही गाड्यांच्या चार भोकांच्या चाकांचे माप ४ × १००. तरी स्विफ्टच्या चाकाचे मधले भोक ५४.१ मिमी आणि सिटीचे ५६.१ मिमी. स्विफ्टचे चाक सिटीच्या हबवर पूर्ण आत जातच नाही. नटांच्या जोरावर ते आत ओढू पाहणे घातक आहे. सिटीचे चाक स्विफ्टवर सहज जाते, पण हबभोवती एक मिलिमीटरची फट राहते. ती हब-रिंगने भरावी लागते, नाहीतर चाक केंद्रात बसेलच याची खात्री नसते आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते. त्याहून गंभीर गोष्ट नटांची. नटाचे आटे गाडीच्या स्टडशी जुळावे लागतात, तर नटाचे तोंड चाकातील बैठकीशी. स्विफ्टच्या आट्यांचे अंतर १.२५ मिमी आणि नटाचे तोंड शंकूसारखे. सिटीचे अंतर १.५ मिमी आणि तोंड गोलाकार. म्हणजे सिटीचे चाक स्विफ्टला लावायचे तर १.२५ चे आटे आणि गोल तोंड असलेले नट हवेत, आणि ते या दोन्हींपैकी कोणत्याही गाडीसोबत येत नाहीत. शंकूचा नट गोल बैठकीत घातला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो आणि पुढे सैल होतो. हे तपासायला नट काढून त्याचे तोंड पाहणे पुरते, तरीही ते पाहिले जात नाही.

ऑफसेट हा तिसरा आकडा, बहुतेक अलॉय चाकांवर ‘ईटी’ या खुणेपुढे कोरलेला. चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती दूर आहे, ते तो सांगतो. तो फार वाढला तर टायर आत सरकून सस्पेन्शनला घासतो. फार घटला तर टायर बाहेर येतो आणि बेअरिंगवरचा भार वाढतो.

किरकोळ समजुतीही बऱ्याच आहेत. भोकांची संख्या सारखी म्हणजे माप सारखे, हे खोटे आहे: पोलो ५ × १००, ऑक्टाव्हिया ५ × ११२, क्रेटा ५ × ११४.३, जिम्नी ५ × १३९.७. रिमचा इंच सारखा असला की चाक बसते, हेही खोटे. इंच टायरचे माप सांगतो, हबचे नाही. स्टडला ग्रीस लावल्याने फायदा होतो, असे नाही. कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या टॉर्कवर ग्रीस लावलेला स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो. जितके घट्ट तितके सुरक्षित, हेही चूक: होंडाच्या मालक-पुस्तिकेत सिटीसाठी १०८ न्यूटन-मीटर दिले आहे आणि पान्यावर उभे राहून दिलेला जोर त्याच्या कितीतरी पुढे जातो. एकदा आवळले की काम संपले, असेही नाही. बदललेल्या चाकाचे नट ५० ते १०० किमी धावल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावे लागतात.