शाळेतले पी.टी. आणि जिममधले पी.टी.

शाळेत ‘पी.टी.’ म्हणजे शारीरिक शिक्षणाचा तास. जिममध्ये ‘पी.टी. लावली’ म्हणजे जादा पैसे मोजून स्वतंत्र ट्रेनर घेतला. सेलूसारख्या तालुक्याच्या गावात या दोन अक्षरांखाली तीन निरनिराळी शिक्षणे एकत्र कोंबली जातात, आणि त्यातूनच एक गैरसमज पुन्हा पुन्हा ऐकू येतो: क्रीडा व्यवस्थापन शिकलेला मुलगा जिममध्ये व्यायाम शिकवणार, आणि अंग कमावलेले असेल तर तेवढ्या शिक्षणाचीही गरज नाही.

बी.पी.एड. ही शिक्षकाची पदवी आहे. तिचे निकष राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते आणि २०१४ च्या नियमांपासून तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. ट्रेनर एकेका माणसाच्या शरीरावर काम करतो. क्रीडा व्यवस्थापनाचा विषय या दोन्हींहून वेगळा: सभासद, पैसा, माणसे आणि जागा.

तो गल्ल्यावरच्या वहीत दिसतो. समजा, एका जिमचे १५० सभासद आहेत आणि महिन्याची फी ७०० रुपये. जमा १,०५,००० रुपये. त्यातल्या ४० जणांनी पुढच्या महिन्याची पावती फाडलीच नाही, तर २८,००० रुपये गेले. भाडे, पगार, वीजबिल यांपैकी काहीतरी अडणारच. ते ४० जण कोण, शेवटचे कधी आले आणि का थांबले, हे त्याच आठवड्यात शोधणे हे व्यवस्थापकाचे काम. याच जिमची वर्षाची उलाढाल १२ लाख ६० हजार होते. सेवांसाठीची जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची असल्याने तिला एरवी नोंदणी लागत नाही. मोठ्या जिमना लागते. त्यांचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. नव्या ट्रेडमिलचा हिशेब त्यामुळे बदलतो. विद्यार्थ्याला कार्यप्रशिक्षणासाठी जिममध्ये पाठवून सेट मोजायला उभे केले, तर यातले काहीच त्याच्या हाती लागत नाही.

आता कमावलेल्या अंगाचे. ट्रेनरला सरकारी परवान्याची सक्ती नाही, हे खरे. म्हणून तर हा समज इतका चिवट. पण दंडाचा घेर हेच प्रमाणपत्र मानायचे, तर ज्याचे दात शाबूत तो दंतवैद्य म्हणायला हवा. स्वतःच्या विशीतल्या शरीराला मानवलेला व्यायाम इन्सुलिन घेणाऱ्या पंचेचाळिशीतल्या दुकानदाराला मानवेलच असे नाही. त्याची साखर व्यायामात धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून पहिल्या दिवशी वजन उचलण्याआधी ‘पार-क्यू’ ही सात प्रश्नांची आरोग्य प्रश्नावली भरून घ्यायची असते: छातीत दुखते का, चक्कर येते का, सांध्यांचा त्रास आहे का. कोणी कोसळलाच, तर रुग्णवाहिका येईपर्यंत मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबता आली पाहिजे. ट्रेनरला तर हे यावेच, आणि व्यवस्थापकाने त्याशिवाय कोणाला कामावर घेऊ नये.

बाकीचे समज थोडक्यात. पोटाचे व्यायाम केल्याने फक्त पोटाचीच चरबी जाते: जात नाही. जास्त घाम म्हणजे जास्त चरबी गेली: गेले ते पाणी. वजने उचलली की बायका पुरुषी दिसतात: स्नायू तेवढे वाढवणारे संप्रेरक स्त्रियांच्या शरीरात फार कमी असते; पुरुषी दिसण्याच्या भीतीपायी महिलांची बॅच सुरू न करणारा जिममालक स्वतःचेच नुकसान करतो. प्रोटीन पावडरशिवाय शरीर बनत नाही: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत अशा पावडरी टाळायला सांगितले आहे. गल्ल्यावर डबे विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो, तो भाग वेगळाच.

राहिला ‘नोकरी फक्त पुण्या-मुंबईत’ हा समज. फिटनेसचा धंदा एसीतच चालतो असे धरले तरच तो पटतो. मराठवाड्यात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली भल्या पहाटे मैदानावर असतात. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण: मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, शंभर मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. या वर्गांनाही बॅचचे वेळापत्रक, फीचा हिशेब आणि कोणाची नडगी कधीपासून दुखते याची नोंद ठेवणारा माणूस लागतो.