फिनिक्स मिल: साचे गेले, शेड उरली

गिरणीची शेड बांधणाऱ्याच्या डोक्यात फक्त सूत असे. विणाई खात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. काचा उत्तरेकडे, म्हणजे साच्यांवर, म्हणजे मागांवर, थेट ऊन नको, पण उजेड दिवसभर एकसारखा. आतली हवा मुद्दाम दमट ठेवायची, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. साचे उचलले की मागे राहते ती उंच, मजबूत, ऐसपैस जागा. तिच्यात काय वाट्टेल ते मावतं, हे लोअर परळच्या फिनिक्स मिलने दाखवून दिलं.

कंपनी 1905 ची. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, पण त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. नव्वदीच्या अखेरीस फिनिक्सच्या आवारात बोलिंग अ‍ॅली आली, मग दुकानं, हॉटेलं, बिग बझार.

गिरण्यांच्या भिंती वारशाच्या प्रेमापोटी टिकल्या असं कोणी सांगितलं, तर हसून सोडून द्यावं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 असा होता, की गिरणीची जमीन विकसित केली तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, घरांसाठी आणि उरलेली मालकाला. शेड न पाडता तिचा नुसता वापर बदलला, तर वाटणी टळायची. मग छपराला कोण कशाला हात लावील? 2001 च्या दुरुस्तीनंतर वाटणी मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. शेड पाडण्यातला तोटा संपला आणि गिरणगावात टॉवर उभे राहू लागले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. कामगारांच्या घरांसाठी मिळू शकणारी बरीचशी जमीन त्या एका कलमात गेली.

फिनिक्समध्ये पुढे पॅलेडियम आलं, परदेशी ब्रँडची दुकानं आली. चिमणी तेवढी राखली. (तिला जागा फारशी लागत नाही, हेही खरंच.)

कंपनीचे मॉल आता मुंबईबाहेरही आहेत; बंगळुरूत व्हाइटफिल्ड रोडची फिनिक्स मार्केटसिटीही तिचीच. कंपनीची मोठी कमाई आता दुकानांच्या भाड्याची आहे, पण शेअर बाजारात ती आजही ‘द फिनिक्स मिल्स लिमिटेड’ याच नावाने नोंदलेली आहे.