दिवा लागला, म्हणजे नेमकं काय कळलं?

मंडळी, मागच्या वेळी धूर आणि अग्नी यांवर बोललो. आज तोच प्रश्न आमच्या १४ वर्षांच्या गाडीवरून घेऊ. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. कोड आला पी०१७१. अर्थ एवढाच, की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. ही खबर देतो ऑक्सिजन सेन्सर, म्हणून सेन्सरच बदलला! आम्हीही मान डोलावली, जन्मभर तर्कशास्त्र शिकवून. चार दिवसांत दिवा पुन्हा हजर. शिक्षा निरोप्याला झाली होती.

नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: खूण दिसते, पण आपण धरलेलं कारण तिथे असेलच असं नाही. चिरलेली रबरी नळी, मळलेला एअरफ्लो सेन्सर, पेट्रोलचा कमी दाब, काहीही असू शकतं. मग निवडायचं कसं? स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' बघा, म्हणजे इंजिन किती जादा पेट्रोल घेतंय तो आकडा. उभ्या गाडीत तो जास्त आणि २५०० आरपीएमला उतरत असेल, तर बहुधा भेगेतून हवा शिरतेय; कारण भेग तेवढीच राहते, एकूण हवा वाढते. उलट चढत गेला, तर पेट्रोलपुरवठा तपासा. आमचा उतरला. नळी खालच्या अंगाला चिरली होती, वरून दिसेना.

आणि हो, कोड घाईने पुसू नका. दिवा लागला त्या क्षणाची नोंदही पुसली जाते. दिवा लुकलुकत असेल तर मात्र चर्चा नको. मिसफायर होतंय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल. गाडी बाजूला घ्या.